स्काव्स्टाचा रस्ता

इवोनानं फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून धरला आणि लॅपटॉप जवळ ओढला. पडद्यावर दोन विमानं एकाखाली एक दिसत होती. दोन्ही ग्दान्स्कहून निघणारी, दोन्ही स्टॉकहोमला येणारी. निदान तिकिटावर तसं लिहिलेलं होतं. वरचं स्वस्तातल्या कंपनीचं. ते उतरणार स्काव्स्टाला, म्हणजे शहरापासून शंभर किलोमीटर दक्षिणेला, पाइनच्या जंगलात. खालचं आर्लांडाला येणारं, तिथून घर ट्रेननं अर्ध्या तासावर.

“स्काव्स्टाचंच घे,” पलीकडून बाबा म्हणत होते. “नेहमीचं आहे.”

“बाबा, ते फक्त दिसायला स्वस्त आहे. बॅगेचे पैसे वेगळे, माझ्या पेट्रोलचे वेगळे. वर पहाटेचं विमान. तुम्ही उठणार कधी?”

“आयुष्यभर पहाटे उठलो मी. पहिली ट्राम काय आपोआप निघायची?”

“सगळं धरलं तर दोन्ही सारखीच पडतात.”

“सारखीच पडतात तर स्काव्स्टाचं घे.”

“सारखीच पडतात तर लांबचं कशाला घ्यायचं?”

पलीकडून चहाच्या ग्लासात चमचा फिरल्याचा आवाज आला.

“मला बॅग नकोच,” ते शेवटी म्हणाले. “दोन कोट घालीन. गेल्या खेपेला नाही का सॉसेज आतल्या खिशातून आणलं!”

“आणि तपासणीवरच्या बाईनं विचारलं, आजोबा, छातीशी हे काय?”

“मी म्हटलं, हृदय आहे.”

इवोनाला हसू आलं. हसता हसताच तिनं खालच्या विमानावर बोट दाबलं.

“घेतलंस?” बाबांनी विचारलं.

“घेतलं. आर्लांडा. मोठी बॅग आणा, तिकिटातच आहे.”

“बरं,” ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “बरं.”

तिनं फोन ठेवला तेव्हा तिचा नवरा मातियास दारात उभा होता.

“कधी येतायत?” त्यानं विचारलं.

“पुढच्या मंगळवारी. आठवडाभर.”

“मग मी माझं अंथरूण तिकडून हलवतो,” तो म्हणाला. तिनं त्याचे आभार मानले, त्यानंही मानले.

हिवाळा संपायच्या आतच मातियास लहान खोलीत झोपायला लागला होता. भांडण असं झालं नव्हतं. दोघं एका संध्याकाळी समोरासमोर बसले, आणि जे दोघांनाही बरेच दिवस माहीत होतं ते बोलून मोकळे झाले. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलीला, तीराला, सांगायचं, मग मातियासनं दुसरं घर बघायचं, असं ठरलं. तोवर कुणाला काही बोलायचं नाही. आता बाबा लहान खोलीत झोपणार, म्हणून मातियासची गादी इवोनाच्या पलंगाशेजारी खाली पडणार आणि सकाळी पलंगाखाली सरकणार, एवढाच बदल होता.

पण खरी अडचण गादीची नव्हती, गाडीची होती. स्काव्स्टाहून शहरात बस येते. आईला मात्र बस लागायची, म्हणून पहिल्या खेपेपासून इवोना गाडी घेऊन जायची. आई गेल्यावरही ती पद्धत तशीच राहिली. त्या रस्त्यावर बाबा शेजारच्या सीटवर बसत आणि समोर बघत बोलत. घरात, टेबलाशी, माणसाच्या तोंडाकडे बघून त्यांना कधीच बोलता आलं नव्हतं. ट्राम चालवण्यात हयात गेली. बोलणं म्हणजे पाठीमागून कुणीतरी बोलायचं आणि आपण रुळांकडे बघून उत्तर द्यायचं, हीच सवय. इवोना स्वीडनला जाणार, ही बातमीसुद्धा आईनं त्यांना केबिनच्या मागे उभं राहूनच दिली होती. आईच्या थडग्यावर कुठला दगड बसवायचा, हे दोघांनी स्काव्स्टाच्या रस्त्यावर ठरवलं होतं. त्या गाडीत या खेपेला ते नक्की विचारणार, मातियास कसा आहे? आणि तिला उठून चहा ठेवायला जाता येणार नाही, की तीराला हाक मारता येणार नाही. ट्रेनमध्ये माणसं असतात. ट्रेन बरी.

*

आर्लांडाच्या दारातून बाबा बाहेर आले ते भली मोठी बॅग ओढत, अंगात एकच कोट, दाढी गुळगुळीत. बॅगेत वाळवलेली अळंबी, खसखशीचा केक, काकड्यांच्या लोणच्याच्या तीन बरण्या होत्या, आणि एकही फुटलेली नव्हती.

ट्रेनमध्ये ते खिडकीशी बसले. समोर एक माणूस लॅपटॉप उघडून काम करत होता. पलीकडे एक बाई पुस्तक वाचत होती. डब्यात कुणी बोलत नव्हतं.

“इवोन्का,” बाबांनी हळूच हाक मारली.

“काय?”

त्यांनी समोरच्या माणसाकडे पाहिलं. तो पोलिश नव्हता, त्याला एक अक्षर कळलं नसतं. तरी बाबांनी मान हलवली. “काही नाही. झाडं हिरवी झाली इकडे.”

“हो, उशिरा होतात.”

घराजवळचं सोल्ना स्टेशन आलं तेव्हा ते दचकून उठले. “पोचलोसुद्धा?”

“बघा! म्हटलं नव्हतं मी?”

“हो,” ते म्हणाले, “फारच सोयीचं आहे.”

आठवडा चांगला गेला. बाल्कनीचं दार वर्षभर अडकत होतं, ते बाबांनी तासून सरळ केलं. तीरा शाळेतून आली की तिला पत्ते शिकवले. ती अर्धं स्वीडिश, अर्धं पोलिश बोलायची आणि हरायला लागली की पूर्ण स्वीडिश. मातियास त्यांना तलावावर घेऊन गेला. दोघं एकमेकांचं अक्षरही न कळता दोन तास गळ टाकून बसले आणि खूश होऊन परतले. इवोनाला कचेरीतून रजा मिळाली नव्हती. संध्याकाळी ती स्वयंपाकाला लागली की बाबा दारात येऊन उभे राहायचे.

“काही हवंय?”

“नाही. तू कर तुझं.”

असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ते आत येऊन बसले, सुरी घेतली, बटाटे सोलायला लागले. तेवढ्यात मातियास आला. “मीठ देतेस का, प्लीज?” त्यानं स्वीडिशमध्ये विचारलं. तिनं दिलं. “थँक्स.” “थँक्स तुला.” बाबांनी बटाट्यावरची नजर उचलली नाही.

परतीच्या आदल्या दिवशी इवोना इमारतीच्या तळघरात होती. कपडे धुण्याच्या सामाईक खोलीत तिची पाळी होती. यंत्रातून ओल्या चादरी काढताना फोन वाजला. वांदा आत्या, बाबांची धाकटी बहीण.

“काय मग?” आत्यानं विचारलं. “काय म्हणालीस तू?”

“कशाला काय म्हणाले?”

“सांगितलं नाही त्यानं?”

“काय सांगायचं होतं?”

आत्या अडखळली. ती बोलताना कधी अडखळल्याचं इवोनाला तरी आठवत नव्हतं.

“अगं, तो म्हणाला होता गाडीत सांगतो. तू विमानतळावर न्यायला येतेस ना, तेव्हा. वाटेत सांगतो, म्हणाला.”

“आम्ही ट्रेननं आलो, आत्या.”

“ट्रेननं? का गं?”

“आत्या, ते आजारी आहेत का?”

“हे बघ, मला शपथ घातलीये. त्यालाच विचार, मी मध्ये पडत नाही. आणि ट्रेननं कशाला आणलंस त्याला? गाडी विकलीस की काय?”

इवोना ओल्या चादरींवर बसून राहिली. आईच्या आजाराचंही आत्यालाच आधी कळलं होतं. चादरी वाळवायच्या यंत्रात टाकून ती वर गेली तेव्हा बाबा बाल्कनीत खुर्चीवर बसले होते आणि तीरा त्यांच्या पायाशी पत्ते मांडत होती. आत मातियास रात्रीच्या जेवणाची भांडी काढत होता. ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

“काय गं?” त्यांनी वर पाहिलं.

त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता. थोडा उन्हानं लाल झालेला. प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिला कळलं, इथे विचारलं तर उत्तर येईल ‘काही नाही’.

“काही नाही,” तीच म्हणाली. आत जाऊन तिनं लॅपटॉप उघडला.

*

“आणि आर्लांडाचं तिकीट?” सकाळी बाबांनी विचारलं.

“गेलं ते.”

“गेलं म्हणजे? परत देतात पैसे?”

“नाही देत.”

“वेड लागलंय तुला. घरापाशी विमान येतं ते सोडायचं आणि जंगलात जायचं? आणि त्या स्काव्स्टाच्या विमानात माझी बॅग घेणार नाहीत.”

“बॅग रिकामीच आहे. राहू दे इथे, मी येताना आणीन.”

“कधी येणार?”

“बाबा, बसा गाडीत.”

तीरा आणि मातियास खाली निरोप द्यायला आले. मातियासनं बाबांना मिठी मारली. बाबांनी त्याची पाठ थोपटली, जरा जास्तच वेळ. मग त्यांनी कोट काढून नीट घडी घालून मागच्या सीटवर ठेवला आणि लांब पल्ल्याला निघाल्यासारखे ऐसपैस बसले.

शहर मागे पडलं. दक्षिणेकडचा मोठा रस्ता लागला, दोन्हीकडे खडक आणि पाइन सुरू झाले.

“वांदा आत्याचा फोन आला होता,” ती म्हणाली.

“तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“तिनं सांगितलं नाही काही. तुम्ही सांगा. डॉक्टर काय म्हणाले?”

“कुठला डॉक्टर?” बाबांनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते घाईनं म्हणाले, “अगं, मी ठणठणीत आहे. तसलं काही नाही. लुत्सिना आहे.”

“कोण लुत्सिना?”

“आपल्या भाजीच्या बागेच्या शेजारची. कुंपणापलीकडे टोमॅटो लावते ती.” बाबा आता समोर बघत होते. “तिच्या बागेतल्या झोपडीचं छप्पर गळत होतं, ते मी गेल्या शरदात घालून दिलं. मग ती सूप आणायला लागली. मग हिवाळ्यात बागेत तर कुणी जात नाही, तरी ती सूप आणायची. घरी. आता आम्ही म्हणतो, दोन घरांची भाडी कशाला भरायची?”

इवोनाचे हात सैल झाले. तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, आणि समोरचा रस्ता दिसेना म्हणून तिनं वेग कमी केला.

“रागावलीस?”

“नाही. मला वाटलं, तुम्ही...” तिनं वाक्य सोडून दिलं. “आईच्या गुलाबांचं काय?”

“ते आहेत तिथेच. लुत्सिनाला गुलाबातलं काही कळत नाही. मीच छाटतो. तुझ्या आईला ती आवडायची नाही. बोलते फार, म्हणायची. बोलते खरी.”

“मग तुम्हाला बरी.”

“मला बरी.”

दोघंही हसले. सोदरतेलियेचा पूल आला. खाली कालव्यात एक शिडाची होडी फाटक उघडायची वाट बघत थांबली होती. पूल ओलांडला तेव्हा इवोनाला वाटलं, एवढंच होतं. एवढ्यासाठी चांगलं तिकीट फुकट घालवलं, आणि घालवलं ते बरंच झालं. अजून अर्ध्याहून जास्त रस्ता उरला होता. आता रेडिओ लावावा म्हणून तिनं हात पुढे केला.

“नको लावू,” बाबा म्हणाले.

तिनं हात मागे घेतला.

“पोलिशमध्ये ‘ताक’ म्हणजे हो,” ते म्हणाले. “तुमच्या या स्वीडिशमध्ये ‘ताक’ म्हणजे आभार. या खेपेला तो सारखा कानावर पडत होता. पहिले दोन दिवस मला वाटलं, किती गुण्यागोविंदानं राहतात ही दोघं, सारखी एकमेकांना हो म्हणतात. मग तीरानं मला अर्थ सांगितला.” त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “इवोन्का, घरात एवढे आभार कोण मानतं? तुझ्या आईनं माझे कधी मानले नाहीत. मीही नाही मानले. सूप पुढे आपटायची, मी गिळायचो.”

इवोना समोर बघत राहिली.

“माझं मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो. ट्रेनमध्ये जमलं नाही. पुढे तुमच्याकडे बघितलं आणि मग सांगवेना. म्हटलं, हिच्या घरात बसून आपलं सुख कुठे सांगत बसायचं?”

एक मोठी गाडी त्यांना मागे टाकून गेली. रस्त्याकडेला स्काव्स्टाजवळच्या न्यशोपिंगची पाटी आली, अजून बरेच किलोमीटर दाखवणारी. बाबांनी सीटचा पट्टा जरा सैल केला, डोकं मागे टेकवलं आणि नजर रस्त्यावर ठेवली.

“मातियास चांगला माणूस आहे,” ते म्हणाले. “मासा गळाला लागला की आधी मला दाखवायचा.”

“हो,” ती म्हणाली. “चांगला आहे.”

इवोनानं आरशात पाहिलं, दिवा दाखवला आणि गाडी उजवीकडच्या हळू पट्ट्यात घेऊन लाकडाचे ओंडके नेणाऱ्या एका संथ ट्रकच्या मागे लावली.

“हिवाळ्यातच ठरलं आमचं,” ती म्हणाली.