पसंतीच्या पाच बाटल्या

तिला बिअरचा नाद लागून जेमतेम आठ महिने झाले होते. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायच्या आणि सुट्टीच्या दिवशी एखादी नवी बाटली आणून चव घ्यायची, असा तिचा क्रम होता. आवडलेल्यांची नावं ती एका वहीत टिपून ठेवी. आजवर पाच नावं झाली होती.

त्या रविवारी दुपारी बाबा तिच्या खोलीचा गळका नळ दुरुस्त करायला अचानक आले, तेव्हा त्या पाचींच्या नव्याने आणलेल्या भरल्या बाटल्या खिडकीत ओळीने उभ्या होत्या आणि वही टेबलावर उघडी पडली होती. लपवायला वेळच मिळाला नाही. बाबा सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, कारखान्यातून निवृत्त झालेले, पक्के निर्व्यसनी. घरात बिअरचं नावही कधी निघालं नव्हतं. आता आपली धडगत नाही, असं तिला वाटलं.

बाबांनी चष्मा लावून वही वाचली.

"यात केळं घालत असावेत, असं लिहिलंयस," ते म्हणाले. "केळं कुठलं घालतायत! तो वास यीस्टचा. गव्हाच्या बिअरला येतोच."



बाबांनी खिडकीतली हिरवी बाटली उचलली. वहीत तिचा पहिला नंबर होता. त्यांनी ती उघडली, ग्लास तिरका धरून थोडी ओतली आणि नाकाशी नेली. "वाया गेली. हिरवी काच आणि वर खिडकीतलं ऊन! जळक्या रबरासारखा वास मारतेय, बघ."

तिने हुंगलं. खरंच तसाच वास येत होता.

"बाबा, तुम्हाला हे कसं माहीत?"

बाबा स्टुलावर टेकले. हातातला पाना त्यांनी दोनदा उलटासुलटा केला.

"सिरक्याचा कारखाना नव्हता तो," ते म्हणाले. "बिअरचा होता. एकतीस वर्षं प्रत्येक टाकीची चव मी घेतली. बाकीचे गिळायचे, मी थुंकायचो. घशाखाली थेंब गेला नाही."

ती पलंगावर बसली. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर तिने स्वतःच्या हाताने 'सिरका कारखाना' असं लिहिलं होतं!

"पण खोटं का सांगितलंत?"

"तुझा मोठा मामा दारूपायी गेला, त्याच वर्षी मी तुझ्या आईला बघायला गेलो. तुझ्या आजोबांनी विचारलं, नोकरी कुठे? माझ्या तोंडून सिरका निघून गेला. एकदा निघालेला शब्द परत कसा घ्यायचा? तू आईला बोलू नकोस हं."

नळ दुरुस्त करून ते निघून गेले. ती मात्र सुन्नच होती. तासभर कसाबसा काढून तिने आईला फोन लावलाच. आईने सगळं ऐकून घेतलं आणि ती शांतपणे म्हणाली, "अगं, त्यांचे शर्ट कोण धूत होतं? सिरक्याचा वास काय मला कळत नाही? पहिल्या महिन्यातच समजलं होतं मला."

"आई! मग बोलली का नाहीस?"

"ते सांगतील म्हणून थांबले. पुढे थांबायची सवयच झाली."

आपण इतकी वर्षं कोणत्या घरात राहिलो, हेच तिला कळेना. काय करावं ते सुचेना, तेव्हा तिने सरळ बाबांना फोन केला. ते अजून बसमध्येच होते.

"बाबा, आईला माहीत आहे. पहिल्या महिन्यापासून."



"शर्ट?" बाबांनी हळूच विचारलं.

"हो."

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईचाच फोन आला. "काल आल्या आल्या स्वयंपाकघरात बसले आणि बोलतच सुटले गं. टाक्या किती, कुठली कधी बिघडली, चव कशी घ्यायची! भाजी करपली तरी थांबेनात."

"आणि तू?"

"मी काय? विचारत होते एकेक," आई म्हणाली. "इतक्या वर्षांचे प्रश्न साठले होते."