शेवाळाचे कौतुक

मी एक जुने गवती छप्पर आहे. मित्रांनो, मी खचले आणि एक भला माणूस मरता मरता वाचला. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या डोंगरातल्या खेड्यात कोणी एकट्याने घर शाकारत नाही. दर वसंतात एका घराची पाळी येते. सारे गाव मिळून गवत आणते आणि छप्पर चढवते. मलाही असेच चढवले. माझ्या वाशांना खिळे नव्हते, ते दोरांनी आवळले होते. मग खाली घराच्या मधोमध आगटी पेटली आणि तिचा धूर माझ्या काडीकाडीत मुरला. त्या धुरामुळे मी कोरडे राहिले, कीड लागली नाही. घरातली म्हातारी शिगे म्हणायची, "छप्पर गवतावर नाही, धुरावर टिकतं."

पुढे तिचा मुलगा योसाकु याने रॉकेलची शेगडी आणली. सून मित्सुए खूश झाली. "आई, त्या धुराने रोज डोळ्यांतून पाणी यायचं. लोकांना वाटायचं, मला सासुरवास आहे!"

"म्हणजे त्यात मी कमी पडत होते की काय?" शिगे हसली. पण आगटी विझली ती विझलीच.

मी आतून दमट होऊ लागले. माझ्यावर हिरवेगार शेवाळ चढले. शहरातून आलेले पाहुणे थांबून माझे फोटो काढत, "किती सुंदर!" म्हणत. इकडे चिमण्या माझ्या काड्या सहज उपसून नेत होत्या. जीव तुटत होता, पण सांगणार कसे?

त्या वसंतात पाळी आमची होती. शिगेने माळ्यावर जाऊन दोर चाचपले आणि ती घाईने खाली आली. "योसाकु, दोर सैल पडलेत. पाळी सोडू नकोस."

"आई, एक थेंब तरी गळतोय का? शेजारी गेन्बेईकाकांच्या मुलीचं लग्न आहे, यंदा त्यांचं होऊ दे. शहरातले पाहुणे आपल्या छपराचं कौतुक करताहेत आणि तुझं आपलं भलतंच!"

पाळी गेन्बेईकडे गेली. गळण्यावर जाऊ नका, मित्रांनो. छप्पर गळायला लागते ते सगळ्यात शेवटी.

हिवाळ्यात बर्फ पडू लागला तो थांबेचना. माझे वासे कुरकुरू लागले. बर्फ उपसायला योसाकु वर चढला. कमरेच्या दोराचे दुसरे टोक त्याने आढ्यावरून पलीकडे टाकले होते. तिकडे मित्सुएने ते झाडाला गुंडाळून धरले.

"जपून हो!"

"तू दोर धर, उपदेश नको!"

त्याने फावडे मारले आणि माझे कुजके गवत त्याच्या पायाखाली खचले. तो काखेपर्यंत आत गेला. पाय माळ्यावर लोंबकळू लागले. वरचा बर्फ त्याच्या दिशेने सरकू लागला. मला त्याला धरायचे होते हो, पण धरू कशाने? मित्सुएच्या हातांची सालटी निघाली, तरी तिने दोर सोडला नाही.

गेन्बेई शिडी घेऊन धावत आला. शिगे अंगणातून ओरडली, "वर चढू नका! माळ्यावर जा, खालून ओढा!"

गेन्बेईने माळ्यावरून योसाकुचे पाय धरले, शिगेने हाक देताच मित्सुएने दोर सैल सोडला आणि गेन्बेईने सगळा जोर लावून त्याला आत ओढले. दोघे कोपऱ्यात आदळतात तोच बर्फासकट माझी अर्धी बाजू अंगणात कोसळली.

बर्फ वितळल्यावर सारे गाव आमच्या दारी आले. गवताचा पहिला भारा गेन्बेईचा होता. मला उतरवून तुतीच्या शेतात खत म्हणून पसरले. नव्या छपराखाली मित्सुएने स्वतः आगटी पेटवली. तिचे डोळे वाहू लागले.

"आता गं कोणाचा सासुरवास?" शिगेने विचारले.

"असू दे आई. वाहू देत."

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरचे छप्पर कोरडे असतानाच एकदा नीट न्याहाळा. घरातले जुने माणूस काही म्हणत असेल तर तेही ऐका. मी तर आता तुतीच्या मुळाशी पडून आहे. संध्याकाळी त्या घरातून धूर निघतो. योसाकु रोज अंगणात उभा राहून तो पाहतो, आणि मगच जेवायला आत जातो.