चुलीमागची रिकामी जागा

लाकडांवर भाषण द्यायची डगलला भारी हौस. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या डोंगरातली ती पत्र्याची झोपडी सांभाळणाऱ्या हौशी मंडळींचा तो म्होरक्या. ‘जाताना चुलीमागे सुकी लाकडं रचून जा, पुढचा माणूस भिजून येईल’ ही पाटी त्यानेच रंगवून दारावर ठोकली होती. दर जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, फर्गस आणि ब्रायनी या जुन्या मित्रांबरोबर तो स्कीवरून इथे यायचा, आणि वाटेत हे भाषण एकदा तरी व्हायचंच.

यंदा झालं नाही. पण ते कोणाच्या लक्षात यायच्या आत ब्रायनीच्या पायाखालचं बर्फ खचलं आणि तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत ओढ्यात गेला.

“अगं, आंघोळच करायची होती तर साबण तरी आणायचास!” तिला ओढून काढत फर्गस म्हणाला.

तीही हसली. झोपडी तासाभरावर होती. अर्ध्या वाटेवर तिचं हसणं थांबलं, मग बोलणंही. नुसते दात वाजत होते.

झोपडीत शिरताच फर्गस चुलीमागे वाकला. “अरे, इथे काहीच नाही! एक ढलपी नाही!”

डगलला ते ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी धुराडं दुरुस्त करायला तो एकटाच आला होता. पावसात अडकला, होती नव्हती ती लाकडं जाळली आणि उबेत मस्त ताणून दिली. सकाळी कुऱ्हाड हातात घेतलीही होती. पण पाऊस थांबेना, आणि दुपारी फुटबॉलचा सामना होता. पुढच्या खेपेला आपणच तर येणार, तेव्हा बघू, असं म्हणून स्वारी निघाली. येणाऱ्याने नाव-तारीख लिहायची ती झोपडीतली वहीही उघडली नाही. आपल्याच पाटीखालून चोरासारखं जाताना या गृहस्थाला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

ब्रायनीचा बूट निघाला. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. डगलने सदरा वर केला आणि तिचं पाऊल सरळ आपल्या उघड्या पोटावर धरलं. या डोंगरात सगळे तसंच करतात. थंडीने त्याचा श्वास अडकला.

“दुखतंय?”

“काही कळतच नाहीये रे,” ती म्हणाली. “तू आहेस म्हणून बरं, डगल.”

तिने थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

फर्गसने बाहेरून बर्फाखालच्या फांद्या आणल्या. त्या नुसत्या धुमसत राहिल्या. लहान गॅसवर चहा झाला, पण कपभर चहाने खोली थोडीच तापते? मग धुराने झोंबणारे डोळे पुसत फर्गसने वही उघडली.

“शेवटची नावं टेस आणि रूबेन. चौदा जून. हीच ती कार्टी! फुकट शेकून पळाली. थांब, इथेच झाडतो यांना, पुढचे सगळे वाचतील.” त्याने पेन्सिल घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला, “टेस आणि रूबेन, तुमच्यामुळे आज आमच्या मैत्रिणीचा पाय...”

त्या पोरांनी रचलेली लाकडं डगलला लख्ख आठवत होती. सगळी एका मापाची, वर बारीक काटक्यांची जुडी दोरीने बांधलेली. ती गाठ त्यानेच सोडली होती. आता मात्र त्याला लाज वाटली.

“खोड ते,” तो म्हणाला.

“का? त्यांची बाजू घेतोस? तू?”

“त्यांनी भरून ठेवली होती. मी जाळली. धुराड्याच्या कामाला आलो होतो तेव्हा. परत तोडली नाहीत.”

“थट्टा करतोस काय?”

“सामना बघायचा होता.”

फर्गसची पेन्सिल तशीच राहिली. डगलला ब्रायनीकडे बघवेना. ओरड, शिव्या दे, असं तो मनातल्या मनात विनवत होता.

ती ओरडली नाही. तिने त्याच्या पोटावरचं पाऊल हळूच काढून घेतलं.

“फर्गस,” ती म्हणाली, “तू ये रे इकडे.”

डगलने सदरा खाली ओढला आणि तिच्या शेजारची जागा रिकामी केली.