निरोपबाबांचे थेंब

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडक्यांच्या कठड्यावर माणसं, आणि व्यासपीठावर पांढऱ्या कोटातले निरोपबाबा. खरं नाव कोणास ठाऊक. पण तोंडी सदा एकच शब्द, म्हणून लोकांनीच हे नाव पाडलेलं.

"मेंदू काय करतो? निरोप धाडतो!" बाबा गरजले. "एक पेशी दुसरीला सांगते, भूक लाव, झोप आण, दुखणं थांबव. विज्ञान त्या निरोपाला न्यूरोपेप्टाइड म्हणतं. मग गाठ म्हणजे काय? चुकीचा निरोप! आणि इलाज?"

"बरोबर निरोप!" सभागृह दुमदुमलं.

"डॉक्टर डोकं फोडतात, किरणांनी भाजतात. मी फक्त निरोप बदलतो. जिभेखाली दहा थेंब, बस्स!"

मागे उभ्या असलेल्या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. सातवीतल्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं, तर त्यांनी सरळ भोपळा दिला असता. पण थट्टा सुचायची ही वेळ नव्हती. बाबांच्या शेजारी उभा होता तो बाईंचा सख्खा थोरला भाऊ.

दादाचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या मेंदूत गाठ निघाली, तीही झपाट्यानं फोफावणाऱ्या जातीची. ऑपरेशनमध्ये काढता आली तेवढी काढली; उरलेलीला आवर घालायला किरणांचे उपचार सुरू व्हायचे होते. तेवढ्यात डोकं पुन्हा ठणकू लागलं, डावा हात लुळा पडला, आणि घाबरलेली वहिनी त्याला इथे घेऊन आली. चार दिवसांत डोकं दुखायचं थांबलं. मग त्यानं डाव्या हातानं कॅमेरा उचलला. किरणांची तारीख आली आणि गेली. खूश होऊन दादानं बाबांच्या रुग्णांचे फोटो फुकट काढायचं अंगावर घेतलं: आल्या दिवशी 'आधी', महिन्याभरानं 'नंतर'. जोड्या सभागृहाच्या भिंतीवर लागायच्या.

"बघा यांच्या तोंडावरचं तेज!" बाबांनी दादाचा गाल थोपटला. "आले तेव्हा नुसता सापळा होता. आता बाळसं धरलंय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनाही टाळी वाजवावीशी वाटली. तो हात लुळा पडलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्या स्टुडिओत गेल्या.

"वहिनी, किरणं सुरू करू या. थेंबही चालू राहू देत हवं तर."

"दोन्ही चालत नाही, ताई. किरणांनी निरोप जळतो म्हणाले बाबा." वहिनीचा आवाज चढला. "तुमच्या विज्ञानाच्या देखत यांचा हात गेला, आणि माझ्या देखत परत आला. तो काय भास होता?"

"नाही, भास नव्हता," बाई म्हणाल्या.

दादा काउंटरवर 'नंतर'चे फोटो कापत बसला होता. हल्ली त्याला झोप येत नसे आणि भूक सारखी लागे. बाईंनी फोटोंवर सहज नजर टाकली आणि त्या थबकल्या.

"दादा, ही सगळी एकाच घरातली माणसं का रे?"

"छे! हा दम्याचा, ही गुडघेदुखीवाली, हे सांधे धरलेले आजोबा. कुणाचा कुणाशी संबंध नाही."

"मग सगळ्यांचे गाल एकसारखे कसे?"

दादानं कात्री ठेवली. 'आधी'चे फोटो काढून त्यानं वर मांडले: लांबट, चौकोनी, गालफडं बसलेले, नाना तऱ्हेचे चेहरे. खाली 'नंतर'चे, सगळे फुगून गोल झालेले. शेवटी त्यानं स्वतःचा फोटो रांगेत ठेवला. तो अगदी त्यांच्यातलाच दिसत होता.

"हे बाळसं नव्हे गं," तो हळूच म्हणाला. "ही सूज आहे."

बाईंनी थेंबांची बाटली प्रयोगशाळेत तपासायला दिली. अहवाल आला तेव्हा मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं.

"थेंबांत स्टेरॉइड आहे, तेही भरमसाट. गाठीभोवती मेंदू सुजतो. ती सूज यानं उतरते, म्हणून डोकं दुखायचं थांबलं, हात हलला. दमा, सांधे, सगळ्यांनाच काही दिवस हलकं वाटतं. भूक वाढते, झोप उडते, चेहरा गोल होतो. ऑपरेशननंतर आम्हीही हेच दिलं होतं, पण मोजून, आणि कमी करत बंद केलं. गाठीला मात्र याचं सोयरसुतक नाही. ती आत वाढतच होती. आता हे एकदम थांबवू नका, जिवावर बेतेल. आम्ही हळूहळू उतरवू."

"आणि ते न्यूरोपेप्टाइड?" वहिनीनं विचारलं.

"शब्द खरा आहे. मेंदूत असे निरोप असतात. काही गाठी तेच निरोप वापरून स्वतःची वाढ करून घेतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. ते अडवायचे कसे, याचा शोध चालू आहे. बाटलीत भरून द्यावं असं अजून हाती काही नाही. असतं तर मीच दिलं नसतं का?"

"मग आता किरणं?"

"देऊ. पण गाठ मेंदूच्या पलीकडच्या बाजूला गेलीय." डॉक्टरीणबाईंनी नव्या स्कॅनवर बोट ठेवलं. "तेव्हा दिली असती तरी पूर्ण बरे झाले नसते. पण चांगले महिने मिळाले असते."

वहिनी खुर्चीतच कोसळली. तिला कुणी बोल लावला नाही. लावण्यासारखं तिचं काही नव्हतंच. तिला तिचा नवरा हवा होता.

पुढच्या सभेत दादा चाकांच्या खुर्चीतून आला. वहिनीनं भिंतीवरचे 'आधी'चे फोटो एकेक करून उतरवले. उरले ते फक्त गोल चेहरे. सभागृहात कुजबुज सुरू झाली. माणसं एकमेकांचे गाल बघू लागली.

"श्रद्धा कमी पडली यांची!" बाबा ओरडले.

"बाटलीत काय आहे ते सांगा," बाई म्हणाल्या. "एवढंच विचारतेय."

बाबा दाराकडे सरकले. दारात बाटलीचा अहवाल घेऊन औषध खात्याचे अधिकारी उभे होते.

बाई लोकांकडे वळल्या. "बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. वाटलं की भुलू नका, तपासून घ्या. बाटलीत काय आहे हे जो सांगत नाही, त्याचा थेंब जिभेवर घेऊ नका. यात स्टेरॉइड आहे; घेत असाल तर एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि चालू असलेला उपचार कुणाच्या सांगण्यावरून सोडू नका."

दादाला बोलायला आता वेळ लागत असे.

"निरोपबाबा," तो म्हणाला, "मला माझ्या माणसांचा निरोप घ्यायचा होता. त्यासाठी जे दिवस होते, ते तुम्ही घेतलेत."