घर चुकलंय

व्हर्ना मागच्या पायरीवर बसून गरम पाण्यातून काढलेल्या कोंबडीची पिसं उपटत होती. फाटकातून गाडी आत आली, तरी तिचे हात थांबले नाहीत. गाडीतून उतरलेली बाई चाळिशीची असावी. नाजूक बूट, काखेत जाड फाईल. मार्चचं बर्फ नुकतंच वितळलं होतं; दोन पावलांतच तिचा बूट चिखलात रुतला. व्हर्नानं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

“मी जोसलिन. इंग्लंडहून आलेय. तुमचे वडील, विल्फ्रेड पिनॉक, माझ्या आजीचे धाकटे भाऊ. मी दोन पत्रं पाठवली होती...”

“मिळाली. उत्तर आलं नाही म्हणजे काय, ते कळत नाही का तुमच्याकडे?”

“कळतं. म्हणून स्वतः आले.”

व्हर्नानं मूठभर ओली पिसं बादलीत झटकली. बस म्हणाली नाही. जोसलिन उभ्यानंच फाईल उघडून सांगू लागली. आई वारल्यावर दोघं भावंडं अनाथाश्रमात गेली. आयव्हीला, म्हणजे जोसलिनच्या आजीला, एका घरी कामाला ठेवलं, विल्फ्रेडला इतर पोरांबरोबर कॅनडाच्या जहाजावर चढवलं. तिच्याकडे जहाजाची यादी होती. नाव, वय दहा, प्रकृती उत्तम.

“पायाची बोटं किती, ते लिहिलंय?” व्हर्नानं विचारलं.

“काय?”

“जाताना दहा होती. पहिल्या हिवाळ्यात थंडीनं चार गळाली. शेतावर राबायला दिलं होतं, गोठ्याच्या माळ्यावर झोपायचे ते. मालकाचा कुत्रा मात्र घरात, शेगडीपाशी. शाळेत पाठवतो असं लिहून दिलं होतं मालकानं. एक दिवस पाठवलं नाही. मरेपर्यंत सही सोडून अक्षर आलं नाही त्यांना. आणि मला वर्गात पोरी चिडवायच्या, आश्रमातल्या पोराची पोर, हिच्याजवळ बसू नका. आता सत्तरीला टेकले मी. आता आलात होय नातं सांगायला?”

“तुमचा राग बरोबर आहे. पण आयव्ही आजी जन्मभर त्यांना शोधत होती. नाताळच्या जेवणाला त्यांचं एक ताट—”

“पुरे!”

कोंबडी व्हर्नाच्या मांडीवरून घसरली. ती तिनं उचलली नाही.

“शोधत होती? बाई, तुमच्या आजीला माझे वडील सापडले होते. पहिल्या महायुद्धात, सतरा साली. फौजेतून गेले होते ते तिकडे. चार दिवसांची रजा मिळाली. आश्रमात चौकशी करून, लोकांना विचारत विचारत तिच्या दारात जाऊन उभे राहिले. दार तिनंच उघडलं. वडील म्हणाले, आयव्ही. तिनं ओळखलं. चेहऱ्यावरूनच कळलं त्यांना. तेवढ्यात आतून नवऱ्यानं विचारलं, कोण आहे? ही म्हणाली, कुणी नाही, सैनिक आहे, घर चुकलंय. आणि दार लावलं.”

जोसलिननं फाईल मिटली.

“शेवटच्या दुखण्यात सांगितलं त्यांनी मला. तोवर एका शब्दानं नाही. आता जा आणि ताटाची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगा.”

जोसलिन गेली नाही. चिखलाची पर्वा न करता ती पायरीच्या खालच्या फळीवर बसली.

“आजोबांना तिनं लग्नाआधी सांगितलं होतं की ती दुकानदाराची मुलगी आहे,” ती हळूच म्हणाली. “एक भाऊ दूर गेलाय, एवढंच आम्हाला ठाऊक; आश्रमाचं ती गेल्यावर कळलं.” मग तिनं फाईलच्या तळातून एक पाकीट काढलं. “ह्याचा अर्थ आम्हाला कधीच लागला नाही. आई म्हणायची, आजीचा घरांच्या पत्त्यांचा घोळ व्हायचा.”

पाकिटात वर्तमानपत्राची कात्रणं होती, बोटभर रुंद, पिवळी पडलेली. व्हर्नानं हात ॲप्रनला पुसले आणि वरचं उचललं. इथल्याच शेतकरी साप्ताहिकाचं होतं, ह्या भागात घरोघरी येणाऱ्या. डिसेंबर एकोणीसशे सतरा.

*विल्फ्रेड पिनॉक यास. घर बरोबर होतं. चूक माझी. ये. आयव्ही.*

खाली पत्ता. दुसरं कात्रण अठराचं. तिसरं एकोणीसचं. मजकूर तोच, पत्ता दोनदा बदललेला. व्हर्ना एकेक उलटत गेली.

“शेतावर पाठवलेली मुलं शेतकऱ्यांचाच पेपर बघतील, असं तिला वाटलं असणार,” जोसलिन म्हणाली. “दर डिसेंबरात ही जाहिरात द्यायची. अठ्ठावन्नला वारली, त्याच्या आदल्या वर्षापर्यंत.”

अठ्ठावन्नला वडील धडधाकट होते. व्हर्नानं कात्रणं पुन्हा तारखेनं लावायला घेतली, पण ओल्या बोटांना ती चिकटू लागली, तेव्हा तिनं तशीच मांडीवर ठेवली.

“त्यांनी हे पाहिलंच नसेल का?” जोसलिननं विचारलं. “हे साप्ताहिक यायचं का तुमच्याकडे?”

“यायचं. दर शुक्रवारी.”

“मग?”

व्हर्नानं वाकून खाली पडलेली कोंबडी उचलली.

“मी वाचून दाखवायचे त्यांना,” ती म्हणाली. “आठ वर्षांची होते तेव्हापासून. हवामान आणि गुरांचा बाजार, तेवढंच.”