पाठांतर करून आलेली चिमी

मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे. रंग उडालाय, पण आवाज अजून खणखणीत! सुताराने पोटात मणी भरले, मूठ घासून गुळगुळीत केली आणि मी थेट बाळांच्या तपासणी केंद्रात रुजू झालो.

एका मुलाला ऑटिझम असेल, तर पाठच्या भावंडालाही तो असण्याची शक्यता इतर बाळांपेक्षा जास्त असते. म्हणून अशी बाळं आमच्याकडे लवकर येतात. तपासणाऱ्या बाईंना सगळे खेळताई म्हणतात. ताई मला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाजवते आणि गप्प बसते. बाळ वळतं का? आणि वळून मग आईकडे बघतं का, 'हे बघ ना!' असं डोळ्यांनी सांगतं का? ऑटिझममध्ये ही नजर बऱ्याचदा कमी किंवा उशिरा दिसते. मित्रांनो, त्या नजरेसाठी आम्ही श्वास रोखून बसतो.

एकदा आईच्या कडेवर बसून चिमी आली आणि तिच्या मांडीवर बसली. सोबत तिचा दादा. त्याला ऑटिझम आहे. तो फारसं बोलत नाही, पण काही गरगर फिरताना दिसलं की स्वारी खूश!

मी डावीकडे वाजलो. चिमी झटकन वळली! मी तर हरभऱ्याच्या झाडावरच चढलो. ताईने मात्र मला पुढे वाजवलंच नाही. तरी चिमी आपली आपण उजवीकडे वळली आणि आईकडे बघून हसली.

"घरी सराव करून घेतलात ना?" ताईने हळूच विचारलं.

आईचा चेहरा पडला. "असाच खुळखुळा आणला होता. दादाच्या वेळी मला काही कळलंच नाही हो. आता हिलाही..."

"अहो, इथे कोणी नापास होत नाही. मदत लागणार असेल तर ती लवकर मिळावी, एवढंच." ताईने मला खाली ठेवलं.

तेवढ्यात दादाने झडप घातली आणि मला फरशीवर गर्रकन फिरवलं! मला भोवळ आली. चिमी खदखदून हसली. मी थांबलो, तशी तिने दादाकडे पाहिलं. त्याने पुन्हा फिरवलं. चिमीने मला पाहिलं, दादाला पाहिलं आणि वळून आईकडे बघत आनंदाने किंचाळली! हे कोणी शिकवलं नव्हतं. मित्रांनो, माझे मणी थरथरले!

"एवढ्यावरून निदान होत नाही," ताई म्हणाली, "तुम्ही येत राहा. आपण बघत राहू."

"मग घरी हिला काय शिकवू?"

"काही नको. या दोघांच्या खेळात घुसा."

आई फरशीवर बसली. दादाने मला उचललं आणि तिच्या हातात दिलं. तिला काही मला धड फिरवता येईना. दोन्ही मुलं खिदळायला लागली, आणि आई रडता रडता हसायला लागली.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ असेल, तर त्याची परीक्षा घेत बसू नका. खाली बसा, त्याच्याशी खेळा. आणि मोठ्या भावंडालाही खेळायला घ्या. त्याच्याही नजरेची कोणीतरी वाट बघायला हवी.