भाषणाचं तिसरं वाक्य

कार्ड पहिलं

मित्रांनो, आणखी एक वर्ष संपलं.
आपण सगळे अजून एकमेकांशी बोलतो आहोत, ही पहिली कमाई.
(इथे हशा. थांबायचं. घोटभर पाणी. मग तिसरं वाक्य.)

कार्डावर मी असंच लिहिलं होतं, कंसासकट. हशा झाला. मी थांबले, पाणी प्यायले. नाताळच्या आदल्या दिवसाची दुपार. ऑफिसातली टेबलं एकमेकांना जोडून त्यांवर कागद अंथरलेला. रोंडाची ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याच्या गोळ्यांची हॉटडिश, माझी लेफ्से, म्हणजे बटाट्याची नॉर्वेजियन पोळी, आणि मारिसेलच्या शेवया. खिडकीबाहेर समुद्राएवढ्या तळ्यावरून बर्फ आडवा येत होता, डुलुथमध्ये येतो तसा.

तिसरं वाक्य मला पाठ होतं. ते असं: या वर्षी आपण भरायला घेतलेली एकही जागा रिकामी राहिली नाही.

आमचा धंदा साधा आहे. इस्पितळाला नर्स कमी पडली की ते आम्हाला फोन करतात आणि आम्ही नर्स पाठवतो. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, कुणाची गाडी हरणाला धडकलेली. कारण काहीही असो, ड्युटीच्या तक्त्यावर एक चौकोन पांढरा पडतो. आम्ही त्याला खड्डा म्हणतो. कंपनी काढल्यापासून दर वर्षी एक तरी खड्डा तसाच राहिला. गेल्या नाताळला एका वृद्धाश्रमात राहिला. तिथल्या बाईने लागोपाठ दोन पाळ्या एकटीने ओढल्या आणि जानेवारीत नोकरीच सोडली. तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यात होतं. आज ते खरं होतं. मी तोंड उघडलं.

आणि डेलने, माझ्या थांबण्यामुळे त्याला अवघडल्यासारखं झालं म्हणून, प्लेट पुढे ओढत म्हटलं, "आज काय शांत आहे हो इथे!"

(हा शब्द मी या गोष्टीत एकदाच लिहिणार होते. लिहिला.)

रोंडाच्या हातातला डाव हॉटडिशमध्ये पडला. आमचे नर्सबुवा बो, सांताक्लॉजच्या पोशाखात, दाढीतून "अरे देवा" म्हणाले.

"काय झालं?" डेल म्हणाला. तो आमचा नवा हिशेबनीस. आधी विमा कंपनीत होता.

"तू तो शब्द म्हणालास," रोंडा म्हणाली.

"कोणता? शां—"

"गप्प! दुसऱ्यांदा नको!"

"अहो, पण खरंच आहे की. एक फोन नाही सकाळपासून."

"ऐका, हा अजून खणतोय," रोंडा म्हणाली. "डेलराजे, इस्पितळात हा शब्द कुणी उच्चारत नाही. उच्चारला की रुग्णवाहिकांची रांग लागते. आपल्याकडे नियम आहे, जो म्हणेल त्याने फोन घ्यायचा."

"कोणता फोन?"

फोन वाजला.


कार्ड पहिलं, पुन्हा

मित्रांनो, आणखी एक वर्ष

नाही. डेल फोनवर होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. "हो मॅडम. हो. मी... मी हिशेब बघतो मॅडम. थांबा हं." त्याने फोन माझ्याकडे असा धरला, जणू तो गरम होता.

आयलीन होती, ग्रॅनाइट पॉइंटची मेट्रन. तळ्याच्या काठाने वर उत्तरेला गेलं की शेवटचं इस्पितळ तिचं. त्यापुढे झाडंच.

"वेर्ना, तुमची नर्स टेस मघाशी आमच्या पायरीवर घसरली. मनगट गेलं. आमच्याच माणसांनी प्लास्टर घातलं, ती मजेत आहे, पण रात्री बाळंतपणाच्या खोलीत माझ्याकडे कुणी नाही."

"आणि बाळंतीण?"

"एक आलीय ना. पहिलटकरीण. कळा सुरू व्हायच्यात, पण आज रात्री होणार हे मी लिहून देते. नर्स नसेल तर डॉक्टर तिला ठेवून घेणार नाहीत, तुमच्या डुलुथला पाठवतील. या रस्त्याने. तू बाहेर बघितलंस का?"

मी बाहेर बघितलं. समोरचा दिव्याचा खांब दिसत नव्हता.

"संध्याकाळी सातपर्यंत माणूस देते," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर कळलं की मी कार्ड दुमडून त्याची होडी केली होती. ही माझी जुनी सवय. कंपनी काढायच्या आधी मी बंदरात मालवाहू बोटींचं वेळापत्रक लावायचे. मी नर्स नाही. रक्त पाहिलं की मला खुर्ची लागते.


कार्ड दुसरं (वाचलं गेलं नाही)

खास आभार मारिसेल दुमलाओचे, आपल्या यंदाच्या मानाच्या नर्सचे

सगळे फोनला लागले. एका हातात प्लेट, एका हातात फोन. मी, रोंडा, फोनवाली तरुण बेथ, आणि दंड म्हणून डेल. उत्तरं येत गेली. गावाला गेलेय. ताप आहे. दोन ग्लास वाइन झालीय, माफ कर वेर्ना. मुलाचं नाटक आहे, तो मेंढी झालाय. विमानतळावर आहे. हो, पण बाळंतपणं मी करत नाही.

आणि या सगळ्या वेळात एकाही माणसाने मारिसेलकडे पाहिलं नाही.

ती टेबलाच्या टोकाला बसली होती. तिच्यासमोर लाकडात कोरलेला लून पक्षी, लाल फीत बांधलेला, तिला द्यायचा म्हणून ठेवलेला. ती बाळंतपणाच्या कामात आमच्याकडची सगळ्यांत तयार नर्स. शिवाय ग्रॅनाइट पॉइंटची तिला खडान्‌खडा माहिती. पण तिची आई आणि मुलगी पाच वाजताच्या विमानाने फिलिपिन्समधल्या इलोइलोहून येत होत्या. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून पहिला नाताळ एकत्र. उन्हाळ्यात, तिने सुट्टीचा अर्ज दिला त्या दिवशी, मी तिला शब्द दिला होता: या नाताळला आमचा फोन तुला येणार नाही.

म्हणजे दोन शब्द दिले होते मी. एक आयलीनला, एक हिला. आणि मारिसेलला पाठवलं तर त्यातला एकच पाळला जाणार होता.

मारिसेलने काटा खाली ठेवला. "माझ्याकडे न बघायची किती कसरत करताय सगळे. आते रोंडा, तुझी मान अवघडेल."

आते म्हणजे तिच्या बोलीत थोरली बहीण. रोंडाला ते फार आवडतं. पण आता ती हॉटडिशकडे बघत राहिली.

"मॅम वेर्ना," मारिसेल म्हणाली, "विचारा तरी."

"नाही विचारणार."

"का?"

"विचारलं तर तू हो म्हणशील."

"अर्थात म्हणेन!"

"म्हणूनच."

"हा तुमचा न्याय? मान माझा, लून माझा, आणि वेळ आली की मी काचेच्या कपाटात?"

"तुझी पोरगी विमानातून उतरून कुणाला शोधेल?"

उठून तिने कोट चढवला. मला वाटलं, निघाली. पण कोट घालून, टोपी घालून, हातमोजे घालून ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली.

"जागा भरेपर्यंत मी हलणार नाही," ती म्हणाली. "शब्द तुमचा आहे, पण खुर्ची माझी आहे."

घड्याळाकडे मी पाहिलं नाही. बाकीचे सगळे पाहत होते.


(इथे कार्ड नाही. टेबलावरचा कागद आहे.)

रोंडाने जाड पेन उघडलं आणि हॉटडिशच्या बाजूला, टेबलावर अंथरलेल्या कागदावरच, एक चौकोन काढला. "आपण मूर्ख आहोत," ती म्हणाली. "आपण रिकामा माणूस शोधतोय. बाळंतपण येणारा आणि रिकामा, असा आज कुणी नाही. कबूल?"

"कबूल."

"मग कामावर असलेला शोधू."

बोटींचं असंच असायचं. धक्का रिकामा नसला की रिकामा धक्का शोधत बसायचं नाही. उभी असलेली एक बोट दुसरीकडे हलवायची. हे मला आधी सुचायला हवं होतं.

"हॅरिएट," मी म्हणाले.

"हॅरिएट!" रोंडा ओरडली आणि चौकोनात ते नाव लिहिलं. हॅरिएट लुइझियानाची. हिवाळ्यापुरती आमच्याकडे आलेली. आज रात्री तिची ड्युटी डुलुथमध्येच मुलांच्या वॉर्डात होती. पण आधीच्या एका हिवाळ्यात तिने ग्रॅनाइट पॉइंटला बाळंतपणं केली होती. कुठलं कपाट कुठे उघडतं हे तिला ठाऊक होतं. "तिला वर पाठवायचं. मग खड्डा मुलांच्या वॉर्डात पडतो. तिथे बाळंतपण यायची गरज नाही. तिथे लागतो एक..."

सगळे बो यांच्याकडे वळले. बो लेफ्सेवर साखर भुरभुरत होते.

"काय?" ते म्हणाले. "मी बाळंतपणं करत नाही."

"मुलं सांभाळता?"

"मुलं? पंधरा वर्षं तेच करत—" दाढी खाली आली. "ओ."

मुलांच्या वॉर्डाची प्रमुख कडक बाई. ऐन वेळी बदल सांगितला की ती आधी नाही म्हणते, मग ऐकते. मी तिला सगळं सांगितलं. ती नाही म्हणाली. मी म्हणाले, "बो येतील. पण एक अडचण आहे, ते सांताच्या कपड्यात आहेत. घरी जाऊन बदलायला वेळ—"

"खबरदार त्याने बदलले तर," ती म्हणाली. "दाढी मात्र हात धुताना वर बांधायची. आणि लवकर पाठवा."

हॅरिएटने लगेच हो म्हटलं. मग म्हणाली, "वेर्ना, हनी, एकच गोष्ट. माझ्याकडे छोटी गाडी आहे, आणि आमच्याकडे बर्फ सरबतात घालतात."

डेलने घसा खाकरला.

"माझ्याकडे पिकअप आहे," तो म्हणाला. "पुढे बर्फ लोटायचं पातं लावलेली. सकाळी शेजाऱ्यांचे रस्ते साफ करतो मी."

रोंडाने त्याच्याकडे नव्याने पाहिलं. "हे मुलाखतीत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बेरीज येते का एवढंच विचारलंत."

मारिसेल तेव्हा उठली. शेवयांचं भांडं तिने झाकण लावून फडक्यात बांधलं आणि डेलच्या हातात दिलं. "अर्धं तुम्हा दोघांना. अर्धं त्या बाळंतिणीला. लांब शेवया, लांब आयुष्य. तोडून वाढायच्या नाहीत, सांग आयलीनला." मग लून काखेत मारला, माझ्या दोन्ही गालांना गाल लावले आणि म्हणाली, "अजून रागावलेय मी."

"रागाव. पण पळ."

ती पळाली.


कार्ड तिसरं: फक्त घंटा

आमच्या भिंतीवर पितळी घंटा आहे, मोडीत निघालेल्या एका खनिजवाहू बोटीवरची. जागा भरली की वाजवायची. दुसऱ्या कंपन्यांत फोनवर "हो" आलं की घंटा, टाळ्या, केक. आमच्याकडे नाही. माणूस वॉर्डाच्या दारातून आत गेल्यावरच. "हो" म्हणजे नर्स नव्हे. रोंडा दर वर्षी यावरून कुरकुरते.

"हॅरिएट हो म्हणाली. बो पोचले. वाजव की."

"नाही."

"अर्धी वाजव."

बेथ घरी गेली. अंधार पडला. आम्ही दोघी भांडी विसळत राहिलो. मध्ये डेलचा फोन आला. "वेर्ना, तुमचं भाषण झालं का?"

"तू कुठे आहेस?"

"पूल ओलांडला. पुढे काही दिसत नाही, पण पातं टाकलंय. हॅरिएट डोळे मिटून बसलीय आणि देवाशी मोठ्याने बोलतेय. मला तिचा सूर आवडायला लागलाय. एक विचारायचं होतं."

"विचार."

"मी तो शब्द म्हणालो म्हणून हे झालं, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. तो दुपारपासून हेच घेऊन बसला असणार. मी म्हणाले, "डेल, टेस घसरली ती तू बोलायच्या आधी. पण रोंडाला हे सांगू नकोस."

"मला ऐकू येतंय," रोंडा म्हणाली.

मग पुन्हा फोनची वाट. सातला थोडा वेळ असताना तो वाजला. आयलीन.

"आली," ती म्हणाली. "हात धुतेय. कळाही आत्ताच सुरू झाल्यात, दोघींनी ठरवून केल्यासारखं. आणि हे शेवयांचं काय? तुमचा माणूस म्हणतो तोडायच्या नाहीत."

मी घंटेकडे गेले. दोरी हातात धरली आणि मला वाटलं होतं तशी ती सहज ओढली गेली नाही. रोंडाने माझ्या हातावर हात ठेवला. घंटा अशी वाजली की खिडकीची काच हलली. एका मोडीत निघालेल्या बोटीला एवढा आवाज असेल असं वाटत नाही.

"भाषण," रोंडा डोळे पुसत म्हणाली. "आता कर. मी आहे ना ऐकायला."

"थांबा," फोनमधून डेलचा आवाज. आयलीनने फोन त्याच्याकडे दिला होता. "मलाही ऐकायचंय."

मी कार्ड शोधलं. त्याची होडी झालेली होती. उलगडायची गरज नव्हती.

"मित्रांनो," मी म्हणाले, खरकट्या भांड्यांना, रोंडाला, आणि तळ्याच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या एका हिशेबनिसाला, "या वर्षी आपण भरायला घेतलेली एकही जागा रिकामी राहिली नाही."

टाळ्या रोंडाच्या. फोनमध्येही एका माणसाच्या टाळ्या, इस्पितळाच्या लांब बोळात घुमलेल्या. मग डेल म्हणाला, "इथे तर आता कसं—"

"डेल!" आम्ही दोघी एकदमच किंचाळलो. मागून आयलीनही.

"—छान वाटतंय," तो म्हणाला. "मी छान वाटतंय म्हणणार होतो."

आम्ही दिवे घालवले. कोट घालताना मी फोनांकडे पाहिलं, रोंडानेही पाहिलं. एकही वाजत नव्हता. दार ओढून घेईपर्यंत त्याबद्दल आम्ही दोघींनी अवाक्षर काढलं नाही.